जंगली यीस्ट, बेल्जियमची बिअर आणि आपली ताडी

दिवाळीच्या फराळाला आंबिवलीतल्या एका जुन्या पेशंटच्या घरी गेलो होतो. काका अडुसष्ट वर्षांचे. रक्तदाब आहे आणि सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसलेली आहे. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त बेल्जियमला असतो. त्याने येताना तिथली एक बिअर आणली होती. बाटली लहान, ३३० मिलिची. लेबलवर अल्कोहोल ९ टक्के, आणि खाली अभिमानाने छापलेले की ही जंगली यीस्टवर आंबवलेली आहे.

आग्रहाखातर मी दोन घोट घेतले. आधी ताकासारखा आंबटपणा, मग कोरडी, किंचित कडसर चव. वास मात्र विचित्र होता, ओल्या चामड्याचा आणि गोठ्यातल्या गवताचा. काकांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "अहो, ही तर ताडी!" त्यांचे बालपण केळवे-माहीमच्या किनाऱ्यावर गेले आहे, त्यामुळे चव ओळखण्यात ते चुकणार नाहीत.

नंतर त्यांनी मला जो प्रश्न विचारला, त्यासाठी हा लेख लिहितो आहे. "डॉक्टर, यात केमिकल नाही, सगळं नैसर्गिक आहे. हवेतलं यीस्ट. मग लिव्हरला चालेल ना?"

हाच प्रश्न ताडी, माडी, मोहाची दारू आणि घरच्या वाईनबद्दल मला वर्षानुवर्षे विचारला जातो. त्याचे उत्तर औषधशास्त्राच्या पुस्तकात एका ओळीत मिळते, पण ते नीट पटायचे असेल तर थोडा इतिहास पाहावा लागतो. तो इतिहास आपल्याच ठाणे जिल्ह्यात घडलेला आहे.

जंगली यीस्ट म्हणजे काय?

यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. ती साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. फळांच्या सालीवर, फुलांत, झाडांच्या रसात, लाकडाच्या भेगांत ती सगळीकडे असते. बेकरीत किंवा बिअरच्या कारखान्यात वापरतात ते पाळीव यीस्ट, म्हणजे निवडून वाढवलेला एकच वाण. आपोआप येऊन पडते ते जंगली.

१८५७ पासून लुई पाश्चरने दाखवायला सुरुवात केली की पदार्थ आंबतो तो जिवंत सूक्ष्मजीवांमुळे. १८७६ मध्ये त्याने बिअरवर एक पूर्ण ग्रंथ लिहिला. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सनने यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवला. तेव्हापासून जगभरच्या बिअरची चव एकसारखी होऊ लागली आणि जंगली यीस्ट 'बिघाड' ठरले. गंमत म्हणजे कार्ल्सबर्गच्याच क्लॉसेनने १९०४ मध्ये जाहीर केले की जुन्या इंग्लिश बिअरची खास चव एका वेगळ्याच यीस्टमुळे येते. त्याने त्याला ब्रेटानोमायसिस हे नाव दिले. चामड्याचा आणि गोठ्याचा तो वास याच यीस्टचा.

बेल्जियमने हे यीस्ट पूर्ण हद्दपार केले नाही. ब्रसेल्सजवळच्या सेन नदीच्या खोऱ्यात 'लॅम्बिक' बिअर करताना उकळलेला धान्याचा काढा थंडीच्या दिवसांत रात्रभर उथळ, पसरट भांड्यात उघडा ठेवतात. हवेतले आणि पुढे लाकडी पिंपातले सूक्ष्मजीव तो आंबवतात. हे काम एक ते तीन वर्षे चालते. ऑर्व्हालच्या मठातली बिअर बाटलीत भरताना तिच्यात ब्रेटानोमायसिस घालतात. काकांच्या बाटलीतही असलेच यीस्ट होते.

ताडी: एका दिवसात होणारे काम

बेल्जियममध्ये ज्याला वर्षे लागतात, ते आपल्या उकाड्यात काही तासांत होते.

माड, ताड किंवा शिंदीच्या झाडाला छेद देऊन रस काढतात. माडाची न उमललेली पोय बांधून, हलके ठोकून तिचे टोक रोज कापतात आणि खाली मडके अडकवतात. ताजा रस गोड असतो. त्यात साधारण १० ते १५ टक्के साखर असते. हीच नीरा. मडक्याला आतून चुना लावलेला असेल तर आंबणे लांबते. नसेल तर मडक्यात, हवेत आणि झाडावर असलेले यीस्ट व जीवाणू लगेच कामाला लागतात. पहाटेची नीरा दुपारपर्यंत ताडी होते आणि तिच्यात ४-५ टक्के अल्कोहोल तयार होते. तशीच ठेवली तर ती आणखी आंबट होत शेवटी तिचा व्हिनेगर होतो. म्हणजे ताडीला मुळात साठवणच नाही. ती गावातच काढायची आणि त्याच दिवशी प्यायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा इतिहास तिच्यावरच उभा आहे.

या रसाचे पहिले सविस्तर वर्णन करणाऱ्यांत एक डॉक्टरच होता. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला. मुंबई बेट त्याला पोर्तुगीजांकडून खंडाने मिळाले होते. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने माडाच्या रसाला 'सुरा' म्हटले आहे. त्या रसापासून गूळ, व्हिनेगर आणि अर्क कसा काढतात तेही त्याने सांगितले आहे. गोव्यात आजही या रसाला 'सूर' म्हणतात. पाव आणि सान्ना फुगवायला पूर्वी हाच सूर वापरत. वसई-ठाण्याच्या ईस्ट इंडियन घरांत फुग्यांचे पीठही ताडीने आंबवत. म्हणजे ताडी ही नशेची वस्तू होती, तशीच स्वयंपाकघरातलीही होती.

कायदा आला आणि पेय बदलले

रस काढणे आणि त्याचा अर्क गाळणे हा कोकण किनाऱ्यावरच्या भंडारी समाजाचा पिढीजात धंदा. आतल्या डोंगराळ भागात, आजच्या शहापूर-मुरबाडकडे, आदिवासी मोहाची फुले गोळा करत. ती वाळवून, शिजवून खात आणि आंबवून त्यांची दारूही करत.

१८७८ मध्ये मुंबई सरकारने अबकारी कायदा केला. त्यातून रस काढण्याच्या प्रत्येक झाडावर कर आणि परवाना आला. गावोगावचे गाळप बंद करून दारू मोठ्या, देखरेखीखालच्या भट्ट्यांत काढायची असे धोरण ठरले. उरण हे मोहाच्या दारूचे मोठे केंद्र झाले आणि तिथली दारू ठेकेदारांच्या दुकानांतून विकली जाऊ लागली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत भंडाऱ्यांनी याला विरोध केला, कारण त्यांचे पोट झाडावर होते. १८९२ मध्ये खास याच दोन जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा कायदा आला. फुले बाळगण्यावर आणि नेण्या-आणण्यावर निर्बंध आले. घरात चोरून दारू गाळली जाऊ नये हा हेतू होता. पण ही फुले गरिबांचे अन्नही होते, आणि या मुद्द्यावर त्या काळी मोठी टीका झाली. महाराष्ट्र सरकारने मोहफुलांवरचे निर्बंध सैल केले ते थेट २०२१ मध्ये.

डॉक्टर म्हणून मला यात एक गोष्ट दिसते. ४-५ टक्क्यांचे, त्याच दिवशी संपणारे पेय महाग आणि अवघड झाले. जास्त टक्क्यांचे, बाटलीत भरून लांब नेता येणारे, महिनोन्‌महिने टिकणारे पेय सोपे झाले. कर गोळा करायला बाटली सोयीची, मडके गैरसोयीचे. यकृताच्या दृष्टीने हा सौदा वाईट होता.

डॉक्टर मंत्री आणि दारूबंदी

म्हणून जुने दिवस चांगले होते असे समजू नका. दारूने संसार उद्ध्वस्त होत होते, आणि दारूबंदीची मागणी त्या दुःखातूनच आली होती.

१९३७ च्या काँग्रेस मंत्रिमंडळात आरोग्य आणि अबकारी ही दोन्ही खाती डॉ. एम. डी. डी. गिल्डर यांच्याकडे होती. ते हृदयरोगाचे नामांकित डॉक्टर होते आणि गांधीजींवरही त्यांनी उपचार केले होते. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि ती योजना ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून राज्यभर दारूबंदी झाली. प्रकृतीच्या कारणासाठी दारू हवी असेल तर डॉक्टरी दाखल्यावर परमिट मिळे. पुढे नियम सैल झाले, पण कायदा गेला नाही. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो तो याच कायद्याने.

बंदीच्या काळात ताडीची जागा नीरेने घ्यावी असा प्रयत्न झाला. लोकलच्या स्थानकांवर दिसणारे नीरेचे स्टॉल ही त्याचीच आठवण. पण पिणाऱ्यांपैकी कितीतरी जण नीरेकडे वळले नाहीत, ते हातभट्टीकडे वळले. काळा गूळ, नवसागर आणि लपवलेली पिंपे असा तो धंदा. लपूनच विकायचे, तर कमी जागेत जास्त नशा मावली पाहिजे. त्यातून पुढची पायरी आली ती औद्योगिक मिथेनॉल मिसळण्याची. जून २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे गेली. मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक ॲसिड होते. ते डोळ्यांची नस जाळते आणि रक्त आम्लधर्मी करते. ताडी किंवा धान्याची बिअर आपोआप आंबताना मिथेनॉल फार थोडे तयार होते. माणसे मरतात ती बाहेरून ओतलेल्या मिथेनॉलने.

माझी एक चूक

आता एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी रंगकाम करणारा पस्तिशीचा एक माणूस बायकोबरोबर आला. झोप नाही, हात थरथरतात, चिडचिड होते. बायको म्हणाली, "डॉक्टर, हे दारू पीत नाहीत. फक्त संध्याकाळी ताडी." मी मनात हिशेब केला, ४-५ टक्के, फार काही नाही. त्याला म्हटले, "आजपासून बंद करा." त्याने माझे ऐकले. तिसऱ्या दिवशी त्याला फिट आली. पाठोपाठ दुसरी आली, आणि मग तो भिंतीवर नसलेल्या माणसांशी बोलू लागला. रुग्णालयात काही दिवस काढून तो वाचला.

तो पीत होता ती झाडावरची ताडी नव्हती. शहरात झाडे उरली नाहीत, पण ताडी विकली जाते. मग ती येते कुठून? पाणी, सॅकरिन, थोडा आंबटपणा आणि नशेसाठी क्लोरल हायड्रेट. हे १८३२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालेले रसायन. १८६९ पासून ते झोपेचे औषध म्हणून वापरात आले. काही ठिकाणी अल्प्राझोलम, डायझेपामसारख्या गोळ्याही मिसळतात. अशा ताडीची सवय म्हणजे झोपेच्या औषधाची सवय, आणि ती एकदम तोडली तर फिट येऊ शकते. २०१५ मध्ये तेलंगणात भेसळीच्या ताडीवर कडक कारवाई झाली, तेव्हा असे कितीतरी रुग्ण एकाच वेळी रुग्णालयांत पोहोचले होते.

मी 'ताडी' हा शब्द ऐकला आणि त्यामागचा इतिहास विसरलो. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारतो: कुठली? कुणाकडची? किती दिवस? न मिळाल्यास काय होतं?

मग यीस्ट चांगले की वाईट?

यीस्ट निर्दोष आहे. उलट त्याचे आपल्यावर उपकार आहेत, आणि त्यातला एक मोठा उपकार मुंबईतच कळला.

१९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईला आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिने काम सुरू केले. इथल्या गरीब स्त्रियांना, त्यांत कापडगिरण्यांत राबणाऱ्याही होत्या, गरोदरपणात एक जीवघेणा रक्तक्षय होत असे. तो आहाराशी जोडलेला आहे हे तिने ओळखले. यकृताचा अर्क महाग होता, म्हणून तिने स्वस्त मार्माइट देऊन पाहिले. बिअरच्या कारखान्यात तळाला उरलेल्या यीस्टपासून हे मार्माइट करतात. रुग्ण स्त्रिया झपाट्याने सुधारल्या. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केले. यीस्टमधला तो अज्ञात घटक म्हणजे फॉलिक ॲसिड. तो १९४० च्या दशकात हाती लागला. आज प्रत्येक गरोदर स्त्रीला आपण ती छोटी गोळी देतो, तिची मुळे परळमध्ये आहेत.

दुसरे उदाहरण तुमच्या घरातच असेल. जुलाबात दिली जाणारी यीस्टची एक पुडी असते, सॅकरोमायसिस बुलार्डीची. १९२० च्या दशकात हेन्री बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाला आग्नेय आशियात लिची आणि मँगोस्टीनच्या सालींवर हे यीस्ट सापडले. म्हणजे तेही मूळचे जंगलीच.

दोन्ही उदाहरणांत फायदा यीस्टचा आहे, अल्कोहोलचा नाही. यीस्टचे गुण हवे असतील तर ते गोळीत, पुडीत आणि पावात मिळतात. त्यासाठी मद्य प्यायची गरज नाही.

काकांना दिलेले उत्तर

यकृताला अल्कोहोल कुठून आले ते कळत नाही, त्याला फक्त ग्रॅम कळतात. म्हणून हिशेब मांडून दाखवला. ९ टक्क्यांच्या ३३० मिलि बिअरमध्ये सुमारे २३ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ५ टक्क्यांच्या अर्धा लिटर खऱ्या ताडीत सुमारे २० ग्रॅम. व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम. जंगली यीस्टने आंबवल्याने यातला एक ग्रॅमही कमी होत नाही.

अल्कोहोल हे कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ मध्येच जाहीर केले. अल्कोहोलचे कुठलेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे २०२३ मध्ये संघटनेने स्पष्ट सांगितले. काकांच्या यकृतावर आधीच चरबी आहे. म्हणून मी म्हणालो, "काका, चव घेतलीत, आठवण ताजी झाली, पुरे. बाकीची बाटली मुलाला द्या." ते हसले आणि बाटली खरंच पुढे सरकवली.

तुमच्यासाठी चार गोष्टी:

• रोज दारू किंवा ताडी पिणाऱ्याने ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. थरथर, घाम, झोप न येणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. फिट आली किंवा भास होऊ लागले तर थेट रुग्णालयात. सोडायचीच आहे, पण औषधांच्या आधाराने.

• पिल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी धूसर दिसणे, पोटात तीव्र दुखणे, धाप लागणे ही मिथेनॉलची लक्षणे असू शकतात. झोपून उतरेल म्हणून वाट पाहू नका. सोबत प्यायलेल्या बाकीच्यांनाही लगेच रुग्णालयात न्या.

• नीरेत नशा नसते, पण साखर असते. २०० मिलिच्या पेल्यात सुमारे २० ते ३० ग्रॅम. मधुमेह असेल तर ती तुमच्यासाठी नाही. आणि उघड्या मडक्यातला कच्चा रस टाळा. बांगलादेशात वटवाघळांनी दूषित केलेल्या शिंदीच्या रसातून निपाह पसरल्याचे सिद्ध झाले आहे.

• डॉक्टर विचारतील तेव्हा 'फक्त ताडी' असे म्हणून थांबू नका. कुठून घेता, किती घेता आणि न घेतल्यास काय होते, तेही सांगा. मी तेव्हा हे विचारले नव्हते. तुमच्या डॉक्टरांनी विचारले नाही, तर तुम्ही आपणहून सांगा.